इटालियन क्रियापदांची रूपे : अर्थ, काळ आणि मराठी व्याकरणाची वाट

इटलीत दीर्घकाळ वास्तव्य करणाऱ्या परदेशी माणसाला इटालियन भाषा टाळता येत नाही. मिलान किंवा तोरिनोच्या तंत्रविद्यापीठात इंग्रजीतून पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्याची दोन वर्षे कदाचित तिच्यावाचून निघून जातील; परंतु नोकरी, घर, दवाखाना आणि मुलांची शाळा यांच्याशी संबंध आला, की भाषेची गरज रोज जाणवू लागते. त्यात कायद्याचीही भर आहे. दीर्घ मुदतीच्या निवास परवान्यासाठी 'ए-२' पातळीचे इटालियन लागते. २०१८ च्या शरद ऋतूत लागू झालेल्या तरतुदीनुसार, वास्तव्याच्या किंवा विवाहाच्या आधारे नागरिकत्व मागणाऱ्यांना 'बी-१' पातळीचे प्रमाणपत्र जोडावे लागते. पेरुजा व सिएना येथील परदेशीयांसाठीची विद्यापीठे, रोमचे 'रोमा त्रे' विद्यापीठ आणि दान्ते आलिग्येरी संस्था यांच्या परीक्षा त्यासाठी ग्राह्य धरल्या जातात. युरोपीय संघाबाहेरील नागरिकाला सर्वसाधारणपणे दहा वर्षांच्या कायदेशीर वास्तव्यानंतर हा अर्ज करता येतो. इतक्या प्रतीक्षेनंतर केवळ भाषेच्या पायरीवर अडखळणे कोणालाच परवडणारे नाही.

या पायरीवर सर्वांत उंच वाटणारा दगड म्हणजे क्रियापद. इटालियन क्रियापदाचे सात 'अर्थ' आणि त्यांत विभागलेले एकूण एकवीस काळ पाठ्यपुस्तकातील तक्त्यांत मांडलेले पाहिले, की अनेकांचा धीर सुटतो. त्यातून आपण ही भाषा बहुधा इंग्रजी पुस्तकांच्या आधारे शिकतो. इंग्रजीत क्रियापदाला पुरुषप्रत्यय जवळजवळ उरलेलेच नाहीत, लिंगभेद नाही, आणि विध्यर्थाचे तर केवळ अवशेष शिल्लक आहेत. त्यामुळे मराठी माणसाला स्वभावतः सोपी असलेली गोष्टही इंग्रजीच्या वळशाने अवघड होऊन समोर येते. मराठी व्याकरणाचा आधार घेतल्यास याच तक्त्यांतील बराचसा भाग ओळखीचा कसा वाटू लागतो, हे दाखवण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

आराखडा : सात अर्थ, एकवीस काळ

मोरो केशव दामले यांच्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'पासून शालेय पुस्तकांपर्यंत, क्रियापदाच्या 'काळा'बरोबरच त्याच्या 'अर्था'चाही विचार मराठीत होत आला आहे. 'तो जातो' हा स्वार्थ, 'तू जा' हा आज्ञार्थ, 'त्याने जावे' हा विध्यर्थ आणि 'तो गेला असता, तर' हा संकेतार्थ. काळ क्रिया केव्हा घडली ते सांगतो. अर्थ बोलणारा त्या क्रियेकडे कोणत्या दृष्टीने पाहतो ते सांगतो. इटालियन व्याकरणातील 'मोदो' म्हणजे नेमका हाच 'अर्थ'.

इटालियनमध्ये पुरुष व वचन दाखवणारे चार अर्थ आहेत : 'इन्दिकातीवो' म्हणजे स्वार्थ, 'कोन्जुन्तीवो' म्हणजे ढोबळमानाने विध्यर्थ, 'कोन्दित्स्योनाले' म्हणजे संकेतार्थ आणि 'इम्पेरातीवो' म्हणजे आज्ञार्थ. स्वार्थात आठ, विध्यर्थात चार, संकेतार्थात दोन आणि आज्ञार्थात एक असे त्यांचे काळ. याखेरीज पुरुष न दाखवणारे तीन प्रकार आहेत : 'इन्फिनीतो' (करणे), 'पार्तिचीप्यो' (केलेला) आणि 'जेरून्द्यो' (करत, करताना). या तिघांचे प्रत्येकी दोन काळ धरले, की एकवीसची संख्या पूर्ण होते. मात्र यांतील निम्म्याहून थोडे कमी काळ संयुक्त, म्हणजे साहाय्यक क्रियापद व भूतकालवाचक धातुसाधित यांच्या जोडणीने बनणारे आहेत. 'असणे' या अर्थाचे 'एस्सेरे' आणि 'जवळ असणे' या अर्थाचे 'आवेरे' या दोन क्रियापदांची रूपे पक्की झाली, की संयुक्त काळ आपोआप हाती येतात.

वर्तमानकाळ आणि पुरुषप्रत्यय

इटालियन क्रियापदांचे मूळ रूप 'आरे', 'एरे' किंवा 'ईरे' यांपैकी एकाने संपते; त्यावरून त्यांचे तीन गण पडतात. 'पार्लारे' म्हणजे बोलणे. त्याचा वर्तमानकाळ असा : पार्लो, पार्ली, पार्ला, पार्ल्यामो, पार्लाते, पार्लानो. म्हणजेच मी बोलतो, तू बोलतोस, तो बोलतो, आम्ही बोलतो, तुम्ही बोलता, ते बोलतात. प्रत्ययातच कर्ता सामावलेला असल्यामुळे सर्वनाम सहसा गाळले जाते. 'येतो', 'जातेस का?', 'सांगतात' असे आपण म्हणतो, तसेच हे आहे. इंग्रजीच्या सवयीने प्रत्येक वाक्यात 'इओ' (मी) घालणारा माणूस इटालियन कानाला उगाच 'मी, मी' करणारा वाटतो.

'लिहिणे' या अर्थाच्या 'स्क्रीवेरे'चे रूप तृतीय पुरुषी 'स्क्रीवे' आणि अनेकवचनी 'स्क्रीवोनो' होते. 'झोपणे' या अर्थाच्या 'दोर्मीरे'चे 'दोर्मे' आणि 'दोर्मोनो'. तिसऱ्या गणातील बऱ्याच क्रियापदांत मध्येच एक आगम येतो. 'समजणे' म्हणजे 'कापीरे'. परंतु 'मला समजते' हे 'कापिस्को', 'तुला समजते' हे 'कापिश्शी'. 'आम्ही' व 'तुम्ही' यांच्या रूपांत मात्र हा आगम नसतो : काप्यामो, कापीते.

वापराच्या बाबतीत मराठीचा आधार इंग्रजीपेक्षा कितीतरी विश्वासार्ह ठरतो. 'उद्या निघतो' या वाक्यात आपण भविष्यासाठी वर्तमानकाळ वापरतो. इटालियन माणूसही 'दोमानी पार्तो' असेच म्हणतो. 'मी पाच वर्षांपासून इटलीत राहतो' याचे सरळ भाषांतर 'वीवो इन इताल्या दा चिंक्वे आन्नी' असे होते. 'वीवो' हा साधा वर्तमानकाळच. इंग्रजीत अशा वाक्याला पूर्णकाळ लागतो. त्या वळणाने 'ओ विस्सूतो' असे म्हटले, तर ऐकणाऱ्याची समजूत 'हा पाच वर्षे इटलीत राहिला होता, आता राहत नाही' अशी होते. वास्तव्याचा तपशील विचारणाऱ्या अधिकाऱ्यापुढे हा फरक क्षुल्लक नाही.

अनियमित रूपांचे भय मात्र अनेकांना असते. 'जाणे' म्हणजे 'आन्दारे'. पण 'मी जातो' हे 'वादो', 'तो जातो' हे 'वा', आणि 'आम्ही जातो' हे पुन्हा 'आन्द्यामो'. येथे दोन वेगळ्या धातूंनी मिळून एक संसार थाटला आहे. मराठीत 'जातो' आणि 'गेला' ही रूपे एकाच क्रियापदाची मानली जातात, तीही 'या' आणि 'गम्' या दोन धातूंची देणगी आहे. 'आहे', 'होता', 'असेल' हेही तसेच. 'एस्सेरे'ची रूपे सोनो, सेइ, ए, स्यामो, स्येते, सोनो अशी आहेत. त्यांतील तृतीय पुरुषी 'ए' हे लॅटिन 'एस्त'पासून आले आणि 'एस्त' हे संस्कृत 'अस्ति'चे सजातीय रूप. 'तू' या सर्वनामाबद्दल तर काही सांगायलाच नको. इटालियनमध्येही ते 'तू'च आहे.

'मला आवडते' : उलट्या रचनेची सोय

इंग्रजीभाषक विद्यार्थी ज्या क्रियापदाशी महिनोन्महिने झगडतात, ते मराठी माणसाला पहिल्या दिवशी समजावे असे आहे. 'मी प्याचे इल काफ्फे' म्हणजे 'मला कॉफी आवडते'. येथील 'मी' म्हणजे 'मला'. कर्ता आहे कॉफी. वस्तू अनेक झाल्या, की क्रियापदही अनेकवचनी होते : 'मी प्याच्चोनो ई लीब्री', 'मला पुस्तके आवडतात'. 'मला सफरचंदे आवडतात' या वाक्यात 'आवडतात' का, हे मराठी मुलाला शिकवावे लागत नाही. हीच जाण इटालियनमध्ये न्यावयाची आहे.

भूतकाळ : चिठ्ठी लिहिली, ग्रंथ वाचला

रोजच्या बोलण्यात घडून गेलेली गोष्ट सांगण्यासाठी 'पास्सातो प्रोस्सिमो' हा संयुक्त काळ वापरतात. 'जाणे, येणे, निघणे, पोहोचणे, जन्मणे, मरणे, होणे' अशा क्रियापदांना 'एस्सेरे' हे साहाय्यक लागते आणि धातुसाधित कर्त्याच्या लिंगवचनाप्रमाणे बदलते. पुरुष म्हणतो 'सोनो आन्दातो', स्त्री म्हणते 'सोनो आन्दाता'. मराठीत मी गेलो, मी गेले. अनेकवचनात 'आन्दाती' आणि 'आन्दाते'. मराठीत ते गेले, त्या गेल्या.

सकर्मक क्रियापदांना 'आवेरे' लागते. 'ओ स्क्रित्तो उना लेत्तेरा' म्हणजे 'मी एक चिठ्ठी लिहिली'. येथे धातुसाधित बदललेले नाही. मात्र कर्माच्या जागी सर्वनाम येऊन ते क्रियापदाच्या आधी बसले, की धातुसाधित कर्माप्रमाणे चालू लागते. 'ला लेत्तेरा? लो स्क्रित्ता' म्हणजे 'चिठ्ठी? ती मी लिहिली'. 'इल लीब्रो? लो लेत्तो' म्हणजे 'ग्रंथ? तो मी वाचला'. या 'लो'मध्ये 'ती' किंवा 'तो' या अर्थाचे सर्वनाम आणि 'ओ' हे साहाय्यक यांची संधी झाली आहे. आपला कर्मणी प्रयोगच जणू येथे दुसऱ्या वेषात उभा आहे.

हे साम्य निव्वळ योगायोगाचे नाही. लॅटिनमध्ये 'माझ्याजवळ लिहिलेली चिठ्ठी आहे' अशी रचना रूढ झाली आणि त्यातून इटालियनचा भूतकाळ उभा राहिला. संस्कृत-प्राकृतात 'मया पत्रिका लिखिता' अशी रचना रूढ झाली आणि त्यातून मराठीचा. दोन्हीकडे धातुसाधिताने भूतकाळाची जागा घेतली. इटालियनमधील 'तो' आणि संस्कृतातील 'त' हे प्रत्यय एकाच प्राचीन मुळाचे आहेत. 'नातो' म्हणजे जन्मलेला, संस्कृतात 'जात'. 'दातो' म्हणजे दिलेला, संस्कृतात 'दत्त'.

साम्याला मर्यादाही आहेत. 'मी झोपलो', 'मी चाललो', 'मी हसलो' हे मराठीत कर्तरी प्रयोग आहेत; म्हणून तेथे 'एस्सेरे' घालण्याचा मोह होतो. इटालियनमध्ये मात्र 'ओ दोर्मीतो', 'ओ काम्मिनातो', 'ओ रीसो' असे 'आवेरे' येते. ढोबळ नियम असा, की स्थान किंवा अवस्था बदलणाऱ्या क्रियांना 'एस्सेरे' आणि इतर बहुतेकांना 'आवेरे'. स्वतःवर घडणाऱ्या, म्हणजे 'मी सोनो लावातो' (मी अंग धुतले) अशा क्रियांना नेहमीच 'एस्सेरे'.

'करी', 'जाई' आणि इम्पेर्फेत्तो

दुसरा महत्त्वाचा भूतकाळ 'इम्पेर्फेत्तो'. 'आन्दावो, आन्दावी, आन्दावा, आन्दावामो, आन्दावाते, आन्दावानो' अशी त्याची रूपे अत्यंत नियमित आहेत. 'व' ऐकू आला, की हा काळ ओळखावा. पास्सातो प्रोस्सिमो आणि इम्पेर्फेत्तो यांतील निवड हा परदेशीयांच्या परीक्षेतील नेहमीचा सापळा आहे. मराठीत हा भेद जिवंत आहे. 'लहानपणी मी रोज समुद्रावर जात असे', किंवा जुन्या वळणाने 'तो रोज देवळात जाई', हा आपला रीतिभूतकाळ; 'मी वाचत होतो' हा अपूर्ण भूतकाळ. इटालियनमध्ये दोन्हींसाठी इम्पेर्फेत्तो. 'लेज्जेवो, क्वान्दो ए आर्रिवातो मार्को' म्हणजे 'मी वाचत होतो, तेवढ्यात मार्को आला'. पसरलेली पार्श्वभूमी एका काळात, तिच्यावर उमटलेली घटना दुसऱ्यात.

काही क्रियापदांत काळ बदलताच मराठीला शब्दच बदलावा लागतो. 'सापेवो' म्हणजे 'मला ठाऊक होते', 'ओ सापूतो' म्हणजे 'मला कळले'. 'कोनोश्शेवो' म्हणजे 'मी ओळखत होतो', 'ओ कोनोश्शूतो' म्हणजे 'माझी ओळख झाली'.

'पास्सातो रेमोतो' हा दूरचा भूतकाळ. उत्तर इटलीच्या बोलण्यातून तो जवळपास हद्दपार झाला आहे. दक्षिणेत आणि तोस्कानात तो अजून बोलला जातो. इतिहास, चरित्र व कथा-कादंबऱ्यांत सर्वत्र आढळतो. दान्तेविषयी लिहिताना '१२६५ मध्ये फिरेन्त्से येथे जन्मला' हे 'नाक्क्वे' या रूपाने सांगतात. परंतु जिवंत माणूस स्वतःच्या जन्माबद्दल, तो कितीही जुना असला तरी, 'सोनो नातो' असेच म्हणतो. अंतर वर्षांत मोजले जात नाही. घटनेचा आजशी संबंध उरला आहे की नाही, हे पाहिले जाते. 'बी-१'च्या उमेदवाराने ही रूपे वाचून ओळखता आली, तरी बहुतेक काम भागते. 'पार्लो' (मी बोलतो) आणि याच अक्षरांचे दूरचे भूतरूप (तो बोलला) यांत फरक केवळ आघाताचा आहे : पहिल्यात तो 'पा'वर, दुसऱ्यात 'लो'वर.

भविष्य आणि तर्क : 'आठ वाजले असतील'

भविष्यकाळाची रूपे पार्लेरो, पार्लेराई, पार्लेरा, पार्लेरेमो, पार्लेरेते, पार्लेरान्नो अशी आहेत. लॅटिन मूळ रूपाला 'जवळ असणे'ची वर्तमान रूपे जोडून ती घडली. 'मला बोलायचे आहे' या आपल्या रचनेच्या ती जवळची आहेत.

या काळाचा दुसरा उपयोग मराठी माणसाला विनासायास साधतो. घड्याळ न पाहता वेळ सांगताना इटालियन माणूस 'सारान्नो ले ओत्तो' म्हणतो. आपण 'आठ वाजले असतील' म्हणतो. 'सारा आ कासा' म्हणजे 'घरी असेल'. 'सारा आर्रिवातो' म्हणजे 'पोहोचला असेल'. दोन्ही भाषांत भविष्यकाळाचे रूप वर्तमानाविषयी किंवा भूतकाळाविषयी केलेल्या तर्काला वापरले जाते.

संकेतार्थ : सौजन्य, सल्ला आणि बातमी

'कोन्दित्स्योनाले' हा अर्थ नवख्याला प्रथम भेटतो तो उपाहारगृहात. 'वोल्ल्यो' म्हणजे 'मला हवे आहे'. 'वोर्रेई' म्हणजे 'मिळाल्यास बरे होईल'. मागणी तीच, पण दुसऱ्या रूपात विनंतीची मार्दवता येते. 'पोत्रेब्बे?' म्हणजे 'आपण कराल का?'; वैद्याने 'दोव्रेब्बे' म्हटले, तर तो सल्ला, आणि 'देवे' म्हटले, तर ती सक्ती.

याच अर्थाचा एक उपयोग वर्तमानपत्र वाचणाऱ्याने नीट ध्यानात ठेवावा. 'इल मिनिस्त्रो ए मालातो' म्हणजे 'मंत्री आजारी आहेत'. 'इल मिनिस्त्रो सारेब्बे मालातो' म्हणजे 'मंत्री आजारी असल्याचे समजते'. बातमीला दुजोरा मिळालेला नाही, ही सूचना इटालियन पत्रकार एका क्रियारूपातून देतो. मराठी बातमीदार त्यासाठी 'असल्याचे समजते', 'असल्याचे सांगितले जाते' अशी जोड देतो. 'सारेब्बे' हे 'ए'च्या जागी वाचणारा माणूस अफवेला वस्तुस्थिती मानून बसतो. परवाने, संप, सवलती यांविषयीच्या बातम्या वाचताना ही चूक महागात पडू शकते.

भविष्यकाळ आणि संकेतार्थ यांची रूपे कधीकधी एका जोडाक्षराच्या अंतरावर असतात. 'पार्लेरेमो' म्हणजे 'आम्ही बोलू'. 'पार्लेरेम्मो' म्हणजे 'आम्ही बोललो असतो', 'बोलू शकलो असतो' अशा छटेचे. 'पता' आणि 'पत्ता' यांतील भेद जाणणाऱ्या कानाला हे अंतर ओळखणे जड नाही. तसेच इटालियन 'त' व 'द' हे दंत्य आहेत. इंग्रजीच्या 'ट' व 'ड'चा हेल त्यांना लावू नये.

एक ठिकाण मात्र असे आहे, जेथे मराठी दगा देते. 'तो येईन म्हणाला' असे आपण सरळ म्हणतो. बोलणाऱ्याचे शब्द तसेच ठेवतो. इटालियनमध्ये मुख्य क्रियापद भूतकाळात असले, की त्यानंतरचे भविष्य संयुक्त संकेतार्थात जाते : 'आ देत्तो के सारेब्बे वेनूतो'. शब्दशः पाहता 'तो आला असता असे म्हणाला' असे वाटेल, पण अभिप्राय 'येईन' एवढाच आहे.

कोन्जुन्तीवो : आपल्या विध्यर्थाचा सोयरा

इटालियन शिकणाऱ्यांना सर्वाधिक धास्ती असते ती 'कोन्जुन्तीवो'ची. स्वतः इटालियन लोकही त्यात चुकतात आणि त्यावरून एकमेकांना चिडवतात. पाओलो विल्लाज्जो यांच्या फान्तोत्सी या विनोदी पात्राची 'वादी', 'फाच्ची' अशी चुकीची रूपे तेथे सर्वश्रुत आहेत. २०१८ च्या सान्रेमो संगीतमहोत्सवात तर लोरेन्त्सो बाल्योनी यांनी याच नावाचे गाणे सादर केले होते. हा अर्थ चुकीचा वापरणे हे शिक्षणाच्या उणिवेचे लक्षण मानले जाते. म्हणून मुलाखतीत व परीक्षेत त्याचे वजन मोठे असते.

वस्तुस्थिती ठामपणे सांगायची असेल, तर स्वार्थ. इच्छा, शंका, भय, अपेक्षा किंवा मत यांच्या छायेत असेल, तर कोन्जुन्तीवो. मराठीत 'तो घरी आहे' आणि 'तो घरी असावा' यांत हाच फरक आहे. 'ए आ कासा' आणि 'पेन्सो के सिया आ कासा' ही त्यांची इटालियन रूपे. हे 'सिया' लॅटिन 'सीत'च्या कुळातील, आणि 'सीत' हे संस्कृतच्या विधिलिङातील 'स्यात्'चे सजातीय रूप. 'स्याद्वाद' हा शब्द ज्याला ठाऊक आहे, त्याला 'सिया'चा स्वभाव वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

'वोल्ल्यो वेनीरे' म्हणजे 'मला यायचे आहे'. 'वोल्ल्यो के तू वेन्गा' म्हणजे 'तू यावेस, अशी माझी इच्छा आहे'. इच्छा करणारा व क्रिया करणारा एकच असेल, तर मूळ रूप. वेगळे असतील, तर विध्यर्थ. दोन्ही भाषांनी वाटणी अगदी एकाच रेषेवर केली आहे. 'चेर्को उना कासा के आब्ब्या दुए कामेरे' म्हणजे 'दोन खोल्या असतील असे घर मी शोधतो आहे'. येथे 'आब्ब्या'ऐवजी 'आ' वापरले, तर एक विशिष्ट घर आधीच मनात आहे, असा बोध होतो.

रूपे लक्षात ठेवण्याची युक्ती सोपी आहे : स्वर अदलाबदल करतात. स्वार्थात 'पार्ला', विध्यर्थात 'पार्ली'. स्वार्थात 'स्क्रीवे', विध्यर्थात 'स्क्रीवा'. एकवचनातील तिन्ही पुरुषांचे रूप एकच असल्याने पाठांतरही थोडे. मुख्य क्रियापद भूतकाळात गेले, की विध्यर्थही मागे सरकतो : 'पेन्साव्हो के फोस्से आ कासा', 'तो घरी असावा, असे मला वाटत होते'.

'जर-तर'च्या वाक्यांत दोन अर्थ हातात हात घालून येतात. 'से आवेस्सी तेम्पो, वेर्रेई' म्हणजे 'मला वेळ असता, तर मी आलो असतो'. 'जर'च्या बाजूला कोन्जुन्तीवो, 'तर'च्या बाजूला कोन्दित्स्योनाले. मराठीत दोन्हीकडे 'असता', 'असतो' अशी एकाच घडणीची रूपे येतात. त्यामुळे 'से'नंतरही कोन्दित्स्योनाले घालून 'से आव्रेई' म्हणण्याची चूक आपल्याकडून सहज होते. इटालियन शिक्षकाच्या दृष्टीने ही सर्वांत ठसठशीत चूक. शिवाय, मराठी वाक्य आजच्या वेळेबद्दल आहे की कालच्या, हे संदर्भावरूनच कळते. इटालियन ते रूपातच सांगते. कालची गोष्ट असेल, तर 'से आवेस्सी आवूतो तेम्पो, सारेई वेनूतो'.

आज्ञा, आणि आदराची रीत

इटालियनमध्ये परक्या किंवा ज्येष्ठ व्यक्तीला 'तू' न म्हणता 'लेई' म्हणतात. 'लेई'चा मूळ अर्थ 'ती'. क्रियापद तृतीय पुरुषी एकवचनी. संस्कृतात 'भवान्' या आदरार्थी शब्दाबरोबर तृतीय पुरुषी क्रियापद येते, हे आठवले, म्हणजे ही रीत चमत्कारिक वाटत नाही. १९३८ मध्ये फासिस्ट राजवटीने 'लेई' हद्दपार करून 'वोइ' लादण्याचा प्रयत्न केला होता. राजवट गेली, 'लेई' टिकले. दक्षिणेत मात्र आदरार्थी 'वोइ' परंपरेने अजून ऐकू येते.

'तू'ला आज्ञा करताना 'पार्ला!', 'स्क्रीवी!', 'सेन्ती!' असे म्हणतात. 'लेई'ला आज्ञा देण्यासाठी आज्ञार्थाचे स्वतंत्र रूपच नाही. तेथे कोन्जुन्तीवो येतो : 'पार्ली', 'स्क्रीवा', 'सेन्ता'. मराठीतही 'बस' आणि 'बसा' यांच्या वरची पायरी 'आपण बसावे' हीच आहे. 'मी दीका' म्हणजे शब्दशः 'मला सांगावे'. दुकानदारापासून कारकुनापर्यंत सर्वजण ते म्हणतात. 'स्कूसा' हे मित्राला, 'स्कूसी' हे अनोळखी माणसाला. कचेरीतील खिडकीपाशी 'सेन्ती' म्हटले, तर ते 'ए, ऐक' असे लागते. 'सेन्ता' म्हटले, तर 'जरा ऐकता का?'. कोणतीही क्रमिक पुस्तके या एका स्वराचे मोल पुरेसे सांगत नाहीत, आणि समोरच्याचा चेहरा का बदलला, हे परक्या माणसाला कळत नाही.

नकारात 'तू'साठी मूळ रूप वापरतात : 'नोन पार्लारे', 'बोलू नकोस'. कारखान्यांतील व रस्त्यांवरील पाट्याही बहुधा मूळ रूपातच असतात. 'नोन तोक्कारे' म्हणजे 'हात लावू नये', 'स्पिन्जेरे' म्हणजे 'ढकला', 'तिरारे' म्हणजे 'ओढा'. यंत्रांजवळ काम करणाऱ्याने या पाट्या पहिल्याच आठवड्यात वाचायला शिकाव्यात.

कोणत्या क्रमाने शिकावे?

एकवीस काळांचे महत्त्व सारखे नाही. 'त्रापास्सातो रेमोतो' हा काळ केवळ ग्रंथांत उरला आहे. त्यावर वेळ दवडू नये. प्रथम एस्सेरे, आवेरे, फारे (करणे), आन्दारे, वेनीरे (येणे), पोतेरे (शकणे), वोलेरे (हवे असणे) आणि दोवेरे (लागणे, भाग असणे) यांचा वर्तमानकाळ पक्का करावा. त्यानंतर पास्सातो प्रोस्सिमो आणि इम्पेर्फेत्तो एकत्र शिकावेत, कारण दोहोंचा अर्थ परस्परांच्या तुलनेतच कळतो. मग भविष्यकाळ, मग 'वोर्रेई', 'पोत्रेई' यांपासून संकेतार्थ, त्याला लागून 'लेई'च्या आज्ञेची रूपे. ती रूपे अंगवळणी पडली, म्हणजे विध्यर्थाचा वर्तमानकाळ अर्धा शिकून झालेला असतो. 'जर-तर'ची वाक्ये शेवटी.

तक्ते पाठ करण्यापेक्षा रूपे वाक्यांत घोळवणे अधिक फलदायी ठरते. एक मराठी वाक्य घ्यावे आणि त्याचा अर्थ व काळ बदलत जावे : तो येतो, आला, येत असे, येईल, आला असेल, यावा, आला असता, तर… आणि प्रत्येकाचे इटालियन रूप शोधावे. 'व्येने, ए वेनूतो, वेनीवा, वेर्रा, सारा वेनूतो, वेन्गा, से फोस्से वेनूतो…' ही माळ दोन-तीन क्रियापदांबाबत तोंडी बसली, की उरलेल्यांची रूपे हाताळताना मन गोंधळत नाही.

इटलीतील मराठी घरांत आज असे चित्र दिसते, की शाळेत जाणारी मुले अस्खलित इटालियन बोलतात आणि आईवडील परीक्षेच्या तयारीत अडखळतात. उलट, मुलांना मराठीतील 'मी लिहिली', 'मी गेले', 'त्याने यावे' यांचे कोडे उलगडत नाही. दोन्ही भाषांची क्रियापदे शेजारी ठेवून बसल्यास 'वेन्गा' मुले सांगतील आणि 'यावे' पालक सांगतील. त्या बैठकीत परीक्षेची तयारी होईल, आणि मराठीचा एक धडाही.